येऊ द्या

१

आमच्या हरीशरावांना गाडी पुढं नेता येते, मागं घेता येत नाही. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण सगळीकडं 'हे' 'हे' लिहीत बसले तर वाचणाऱ्याला पत्ता लागायचा नाही, म्हणून घेते. सेनगावात त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे. दिवसभर तालुक्याला शहाणपण शिकवतात आणि संध्याकाळी गॅरेजसमोर आले की हॉर्न वाजवतात. मग मी हातातलं काम टाकायचं, स्वयंपाकघराच्या दारातून गॅरेजमध्ये उतरायचं, मागच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि ओरडायचं, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बस्स!" बस्स ऐकलं की ते इंजिन बंद करतात. आरशात बघत नाहीत, मान वळवत नाहीत. "तुझा आवाज हाय ना," म्हणतात. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझं केलेलं कौतुक ते एवढंच.

गाडी सरळ आत घातली तर हा तमाशा लागणार नाही, हे मी पूर्वी सांगून पाहिलं होतं. या वर्षी मात्र त्यांचं म्हणणं मलाही पटलं. गाडीचं तोंड रस्त्याकडंच पाहिजे. आमची प्रतिक्षा बाळंतपणाला येणार होती, आणि अशी वेळ काही सांगून येत नाही.

प्रतिक्षा एकुलती एक. परभणीला दिली आहे. मागच्या वर्षी तिला दिवस गेले होते. सासरी न्हाणीघरासमोर नव्या चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या, त्यावर पाणी सांडलं होतं. तिचा पाय घसरला आणि पोटातलं राहिलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती फोनवर नुसतं "हूं" म्हणायची. आता पुन्हा दिवस गेले होते, सातवा लागला होता, आणि मी जगातल्या सगळ्या फरशांकडं संशयानं बघू लागले होते.

आमच्या गॅरेजला तर फरशीच नव्हती. तीन भिंती, वर स्लॅब, पुढं शटर आणि खाली मुरूम. त्या मुरमात ऑइल मुरलेलं, चाकांनी खड्डे पाडलेले. पोर पोट सांभाळत गाडीत बसणार ती या खड्ड्यांतून. मी म्हटलं, ती यायच्या आत आधी हे नीट करा.

हिंगोलीत फरशीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पार्किंगच्या टाइल्स काढल्या. "ताई, याच्यावर गाडी घसरत न्हाई."

"गाडीचं मला काय सांगता?" मी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, टाइलवर पाणी ओतलं आणि चप्पल काढून वर उभी राहिले. पाय किंचित सरकला. "नको."

सिमेंटचे गट्टू दाखवले, त्यांच्या फटीत पाय मुरगळेल. शहाबादी पाहिली, ती वापरून तुळतुळीत होते. हरीशराव कपाळाला हात लावून बाहेर जाऊन उभे राहिले. शेवटी ठरलं ते असं, की साधा सिमेंटचा कोबा करायचा आणि ओला असतानाच दोरी दाबून त्यावर चौकटी पाडायच्या, म्हणजे पावलाला धरायला जागा राहील.

"दुकानभर फिरली अन् जे दुकानात न्हाई तेच पसंत केलं," गाडीत बसताना हरीशराव म्हणाले. म्हणेनात का. माझ्या मनासारखं झालं होतं.

२

काम कादरभाई मिस्त्रींना दिलं. आमचं घरही त्यांच्याच हातचं. त्यांनी मुरूम खणून काढला, खडी घातली, धुम्मस मारून जमीन ठोकून घेतली आणि शुक्रवारी सकाळी कोब्याला हात घातला. मागच्या भिंतीपासून सुरुवात करून ते उकिडवे बसत बसत शटरकडं मागं येत होते. स्वतःच्या पायाखालची जागा सगळ्यात शेवटी. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरणाऱ्या दाराला मी माझ्या बाजूनं कडी लावून घेतली होती, कारण मला सवयीनं तिकडं पाय टाकायची भीती होती.

आता जे झालं ते एका शब्दावरून झालं. आपल्याकडं निघताना 'जातो' म्हणत नाहीत. जातो म्हणायचं ते कायमचं जाणाऱ्यानं. निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरातलं माणूस 'या' म्हणतं. 'या' ऐकल्याशिवाय पाहुणा उंबऱ्यातून हलत नाही, आणि 'या' म्हटलं नाही तर त्याचा अपमान होतो. प्रतिक्षा बोलायला लागली तेव्हा मी तिला हेच आधी शिकवलं. घरात भांडी विकणारी बाई आली तरी जाताना ही एवढीशी पोर दारात उभी राहून "बलं, या" म्हणायची, आणि मला कोण अभिमान वाटायचा.

तर शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. गॅरेजच्या दारापलीकडून आवाज आला.

"येतो."

"बरं, या," मी म्हणाले. मानही वर केली नाही. मिस्त्री जेवायला निघाले असतील. मेथी संपली, देठं कागदात गुंडाळली, आणि तेव्हा कुठं मला जाणवलं की कादरभाई नुसतं 'येतो' कधी म्हणत नाहीत. 'येतो भाभी' म्हणतात. पण असतं एखाद्या वेळी माणूस घाईत.

बऱ्याच वेळानं पुढच्या दाराची कडी वाजली. दारात कादरभाई, डोक्यावर पांढरी टोपी, तोंड उतरलेलं.

"भाभी, कोब्यावर कोण चाललं?"

"कोण चालणार? तुमी आत्ता तर गेलात ना, येतो म्हणून."

"आत्ता कुठं? मी कधीचाच जुम्म्याला गेलतो. तुमी फोनवर बोलून राहिलत्या म्हणून न सांगता निघालो. शटर पण खाली ओढून गेलो, कुत्रं येईल म्हणून."

हातांना मेथीचा वास येत होता.

३

शटरपाशी उभं राहून आम्ही दोघांनी आत पाहिलं. कोबा सगळा सपाट, ओला, करडा. आणि मागच्या भिंतीपासून पावलं निघाली होती.

माणसाची पावलं, अनवाणी, मोठ्या माणसाची. पहिल्या पावलाची टाच भिंतीला टेकलेली. जणू तिथं कुणी भिंतीला पाठ लावून उभं होतं आणि मग चालायला लागलं. पावलं स्वयंपाकघराच्या दाराकडं निघाली होती. अर्ध्या वाटेवर संपली होती. परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं, पुढं गेलेलं नव्हतं, कडेला वळलेलं नव्हतं.

"पोरं शिरली असतील," मी म्हणाले. मी फार सावकाश बोलत होते.

"शटर बंद होतं भाभी. अन् पोरं भिंतीतून येतेत का?" कादरभाई खाली बसले, वाकून आडव्या नजरेनं बघू लागले. "ओल्या मालात पाय पडला की कडंनं माल वर उचलते. हे पाहा माझं बोट." त्यांनी कडेला बोट दाबलं, भोवती बारीक काठ उभा राहिला. "पावलाला काठच न्हाई. वरून दाबल्यावानी न्हाईच हे. खालून ओढून घेतल्यावानी दिसते."

मग स्वतःच्या बोलण्यालाच घाबरल्यासारखे ते झटकन उठले. फळी टाकून त्यावरून आत गेले आणि थापीनं एकेक पाऊल बुजवत आले. मी स्वयंपाकघरात जाऊन दाराची कडी काढली, उंबऱ्यातून दुसरी फळी टाकली आणि तिच्यावरून पुढं होऊन सगळ्यात जवळच्या, अजून न बुजवलेल्या ठशाला बोट लावलं. थंडीचे दिवस होते, सकाळी नळाचं पाणीसुद्धा बोचायचं. ठसा कोमट होता.

"सिमेंट भिजलं की गरम होतेच," कादरभाई म्हणाले. बाजूच्या सपाट जागेला मी हात लावला. ती गार होती. हे मी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी हरीशराव आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिमेंट खराब लागलं असंल. बसते कुठं कुठं. तुमी दोघं मिळून त्याला पाय फोडून राहिलात." त्यांच्या या स्वभावाचा मला एरवी राग येतो. त्या दिवशी मला तो हवा होता. मी मनाशी म्हटलं, आमच्या घरावरून रस्ता जातो, नाक्यावर जीपवाले दिवसभर ओरडतात, कुणीतरी कुणाला तरी 'येतो' म्हणालं असेल, वाऱ्यानं आवाज आला असेल. तेवढ्यावर मी रात्री झोपलेसुद्धा.

४

कोबा आवळून घट्ट झाला, तसं कादरभाईंनी त्यावर मातीच्या पाळी घालून पाणी साठवलं. कांद्याला वाफे करतात तसे ते वाफे. कोब्याला असं पाणी पाजावं लागतं, नाहीतर तो तडकतो. गाडी बाहेर रस्त्याकडेला उभी होती.

प्रतिक्षा आली. जावई सोडून गेले. ती गाडीतून उतरली तेव्हा मी तिचा दंड धरून घरापुढच्या ओट्यापर्यंत आणली, आणि ती हसून म्हणाली, "आई, मी काय काचेची हाय का?" मी म्हटलं, हो, आहेस. तिचे गाल भरले होते. मागच्या वर्षीचा तो "हूं" गेला होता. तिला पाहून मला इतकं बरं वाटलं की मी पावलांचं पार विसरले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. जेवण झाल्यावर हरीशराव स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून मोबाईल बघत बसले होते. मी ताटं घासत होते.

दारापलीकडून आवाज आला, "येतो भाऊ."

मी "नका" म्हणायच्या आत हरीशराव मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "या, या."

हातातलं ताट मी मोरीत सोडलं. "कोणाला म्हणालात?"

"कादरला. दुसऱ्या कोणाला?"

"कादरभाई आज आलेच नाहीत."

ते उठले, कडी काढली, दार उघडलं. पाणी शांत होतं. त्या पाण्याखाली, आता दगडासारख्या टणक झालेल्या कोब्यात, पावलं होती. बुजवलेली सगळी परत वर आली होती आणि पुढं नवी उमटली होती. शेवटची दोन एकमेकांशेजारी होती. आमच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, बोटं आमच्याकडं. कुणीतरी दारात येऊन थांबतं तशी.

"सिमेंटच खराब हाय," हरीशराव म्हणाले. पण दार त्यांनी पटकन लावलं, आणि कडी लागली की नाही हे दोनदा ओढून पाहिलं.

कादरभाई दुसऱ्या दिवशी आले. बोटानं पावलाची कड चाचपत राहिले. "छिन्नीनं पण इतकं साफ निघत न्हाई." पाणी काढून त्यांनी पुन्हा माल भरला, तो आवळल्यावर पुन्हा पाळी घातल्या, पुन्हा पाणी सोडलं. हात धुतले आणि ओट्याखाली उभे राहिले.

"येतो भाभी."

माझं तोंड उघडलं आणि मिटलं. समोर खरे कादरभाई होते, कोपरांवर सिमेंट वाळलेलं, मला दिसत होते. तरी मला म्हणवेना. घर ऐकत असलं तर?

ते वाट बघत राहिले. "काय झालं भाभी? काही चुकलं का माझं?"

"नाही नाही. सांभाळून," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली आणि गेले. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी 'या' म्हटल्याशिवाय पाठवलं नव्हतं.

५

मी ठरवलं, या घरात आता कुणाला 'या' म्हणायचं नाही. हरीशरावांनाही बजावलं. ते चिडले, पण कबूल झाले. प्रतिक्षाला काय सांगायचं? दोन जिवांच्या बाईला असलं काही सांगत नाहीत. तिच्या मनानं घेतलं तर? मागच्या वेळचं काय कमी होतं? मी तिला पुढच्या खोलीत बसवायची, टीव्ही मोठ्यानं लावायची, पाणीसुद्धा हातात नेऊन द्यायची. ती वैतागली.

शेजारच्या पारुबाई पोरीला बघायला आल्या, तिळाचा लाडू दिला, आणि "येते हो शिलाबाई" म्हणून दारात थांबल्या. मी हसले, मान हलवली. त्या तशाच उभ्या. मग "बरं, ऱ्हायलं" म्हणून फणकाऱ्यानं गेल्या. गल्लीत माझी काय कीर्ती झाली असेल ती मला माहीत आहे.

आणि रोज दुपारी दारामागून आवाज यायचा. सगळं आवरून घर निवांत झालं की यायचा. "येतो." मी ओठ दाबून धरायची. आवाजाचं मला तितकं काही वाटायचं नाही. त्यानंतरची शांतता सहन व्हायची नाही. उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाची असते तशी ती शांतता असायची. शिकवलेलं इतकं अंगात मुरलं होतं की जीभ आपोआप टाळूला लागायची, आणि मी पदराचा बोळा तोंडात धरायची.

मग एक दिवस आवाज आला, "येतो भाभी."

हुबेहूब कादरभाई. तो किंचित घोगरेपणासुद्धा. मी पळत ओट्यावर गेले. रस्ता रिकामा होता. मला रडू आलं आणि संतापही आला. माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी हे कोण? मी तशीच आत आले, कडी काढली आणि दार सताड उघडलं.

गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. शटर अर्धं वर होतं, दुपारचं ऊन आत आलं होतं. वाफ्यातलं पाणी जरासुद्धा हलत नव्हतं. त्यात स्लॅब दिसत होता, दिव्याची वायर दिसत होती, उंबऱ्यात उभी असलेली मी दिसत होते, खाली डोकं वर पाय.

माझ्यासमोर आणखी एक जण उभा होता. खाली डोकं, वर पाय. पाण्यात प्रतिबिंब असंच दिसतं, उलटं, त्यात नवल नाही. पण प्रतिबिंबाच्या वर माणूस असावा लागतो.

वर कुणी नव्हतं. मी पुन्हा खाली पाहिलं. दोन तळवे पाण्याला आतून टेकलेले, बरोबर त्या बुजवलेल्या पावलांच्या जागी. त्याखाली पोटऱ्या, त्याखाली धोतरासारखं काहीतरी मळकं. त्याखाली पाणी काळं होत गेलं होतं, बोटभर पाण्याला नसावी इतकी खोली होती. तिथं तोंड असणार होतं. मी बघितलं नाही. एक तळवा उचलला गेला आणि पाण्यावर छोटं वर्तुळ उठलं.

दार लावून मी त्याला पाठ टेकून बसले. शटरची सावली असेल, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. माझ्या स्वतःच्या पायांचे तळवे मी फरशीवरून वर उचलून धरले होते.

६

त्यानंतरच्या दुपारी मी पोळ्या लाटत होते. प्रतिक्षा कधी उठून आत आली मला कळलं नाही. डब्यातला शेंगदाणा तोंडात टाकत ती दाराला टेकून उभी राहिली. त्याच दाराला.

"येते हो शिलाबाई," पलीकडून पारुबाईंचा आवाज आला. रागावलेला, थोडा नाकातला, जसाच्या तसा.

प्रतिक्षानं वळून माझ्याकडं पाहिलं. "आई, पारुबाई येते म्हणून राहिल्या. तू काहून बोलत न्हाई?" आणि मग, मी शिकवलं होतं तसं, गोड आवाजात, दाराकडं तोंड करून, "बरं—"

मी लाटणं टाकलं आणि पिठाचा हात तिच्या तोंडावर दाबला. जोरात दाबला. तिचे डोळे मोठे झाले. पोट धरून ती मागं सरकली, आणि ती घसरणार म्हणून मीच तिला कवटाळून धरली.

"आई, तुला काय झालं?" ती रडायला लागली. "बाबा म्हणाले, तू कोणाला काही बोलत न्हाई. मला पण भेव वाटून राहिलं तुझं."

लेकीला माझीच भीती वाटत होती. पण तिच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला नव्हता. दारामागं शांतता होती, आणि ती वाट बघत होती.

मी त्याच संध्याकाळी ठरवलं. माझा भाऊ शिवशंकर नरसीला असतो. तिथून हिंगोलीचा दवाखाना आमच्यापेक्षा जवळ. सिमेंटच्या धुळीनं पोरीला खोकला होतोय, वहिनीकडं तिची नीट सोय होईल, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी स्वतः एक दिवस मागं राहणार होते. कादरभाईंना निरोप धाडला होता, की या वेळी कोब्याचं काम नाही, स्वयंपाकघराचं ते दार विटांनी बंद करायचं आहे. तो उंबरा माझ्या डोळ्यांदेखत बुजला की मग मी निघणार होते. त्याला मी 'या' म्हणत नाही तोवर तो अलीकडं येत नाही, हे मला कळलं होतं. तेवढं पुरेसं आहे असं मला वाटत होतं.

७

सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. आदल्या संध्याकाळी पाळी फोडून पाणी काढून टाकलं होतं, कोबा वाळला होता. वाळावा म्हणून हरीशरावांनी शटर पूर्ण वर केलं होतं, आणि ओट्यावरून बघितलं तर आतला कोबा छान सपाट, पांढुरका दिसत होता, दोरीच्या चौकटी सरळ. कादरभाईंचा हात खरंच चांगला आहे. नरसीहून आल्यावर आता गाडी आत लावायची, असं हरीशराव दोनदा म्हणाले.

गाडी गॅरेजसमोर, तोंड रस्त्याकडं करून उभी होती. मी प्रतिक्षाला मागच्या सीटवर बसवलं, पाठीशी उशी दिली, डबा मांडीवर दिला. तिनं कालचं सगळं सोडून दिलं होतं. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "तू उद्या नक्की ये, आई." मी मान हलवली आणि ओट्यावर येऊन उभी राहिले. गॅरेज माझ्या उजव्या हाताला, थोडं मागं.

गाडी हलली. प्रतिक्षानं काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"येते गं आई!"

निघालेली लेक 'येते' म्हणते तेव्हा आईनं 'ये' म्हणायचं असतं. पोटात बाळ असलेल्या लेकीला तर म्हणायलाच पाहिजे. मी ओठ मिटून घेतले. डोळ्यांत पाणी आलं, हात वर केला, पण शब्द गिळला. आता अगदी शेवटी चूक करायची नव्हती.

"ये," गॅरेजमधून आवाज आला.

माझा आवाज होता.

प्रतिक्षा हसली. तिला वाटलं, मीच म्हणाले. आणि लगेच आवाज पुन्हा आला, जरा मोठा, घाईचा, काहीतरी विसरलं म्हणून हाक मारावी तसा. "ये गं, ये!"

गाडी थांबली. "बाबा, आई बोलावून राहिली," असं ती आत वळून म्हणाली, ते मला ऐकू आलं.

"नाही!" मी ओरडले. "जा! जा तुम्ही! जा!" निघालेल्या लेकीला जन्मात पहिल्यांदा मी 'जा' म्हटलं. पण तिनं काच वर घेतली होती, आणि हरीशरावांचे कान नेहमीसारखे फक्त मागच्या कोपऱ्याकडं लागले होते. गाडीचे मागचे पांढरे दिवे लागले.

"येऊ द्या," गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यातून माझा आवाज म्हणाला. रोजच्यासारखा, थोडा वैतागलेला. "येऊ द्या... येऊ द्या..."

हरीशराव मागं येऊ लागले. आरशात न बघता, मान न वळवता, त्या आवाजाच्या भरवशावर. मी ओट्यावरून उडी टाकली. पाय मुरगळला, तशीच लंगडत धावले. मी पोहोचेपर्यंत मागची चाकं कोब्यावर चढली होती. समोरच्या काचेतून मागच्या सीटवरची प्रतिक्षा दिसत होती, आणि तिच्या पलीकडं ती मागची भिंत.

"येऊ द्या... येऊ द्या..."

मी गाडीसमोर आले आणि बोनेटवर दोन्ही हात आपटले. हरीशरावांनी समोर पाहिलं. मी त्यांच्यासमोर उभी होते, आणि माझा आवाज त्यांच्या मागून येत होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. त्यांना सगळं कळलं, त्या क्षणी कळलं. तळव्यांना खालून काही कोमट लागावं तशी प्रतिक्षा खाली वाकून आपल्या पायांकडं बघत होती.

"बस्स," माझा आवाज म्हणाला.

आणि सवयीनं हरीशरावांच्या हातानं इंजिन बंद केलं.